पानगळ बघायला गेलो आणि पहिल्या स्तोत्रावर वाद झाला

बॉस्टनला आतेभावाकडे होतो, ऑक्टोबर अर्धा सरलेला, आणि रविवारी उपासना सुटली की चर्चच्या पार्किंगमध्ये सगळ्यांच्या तोंडी एकच विषय, फॉल कलर्स बघायला कुठे जाणार. बहुतेक मंडळी व्हाइट माउंटन्सला पळतात, तिकडे कँकमॅगस हायवेवर गाड्यांच्या रांगा लागतात म्हणे. दादा म्हणाला तिकडं नकोच, आपण रिंजला जाऊ, न्यू हॅम्पशायरच्या दक्षिण टोकाला आहे, दीडेक तासात पोचतो आणि आत्याला फार चालायलाही लागणार नाही.

रिंजला 'कॅथेड्रल ऑफ द पाइन्स' आहे. नाव कॅथेड्रल, पण ना भिंत ना छप्पर. उंच उंच पांढऱ्या पाइनची झाडं, खाली तांबूस सुयांचा जाड थर, त्यावर लाकडी बाकं मांडलेली आणि समोर दगडी वेदी. वेदीमागे एकदम मोकळं, दरीपलीकडे थेट मोनॅडनॉकचा डोंगर. उंची 965 मीटर, म्हणजे आमच्या कळसूबाईपुढे लहानच, पण त्या दिवशी पायथ्यापासून वर नुसता लाल, नारिंगी, पिवळा. मधेच पाइनचे गडद हिरवे पट्टे. आत्या बाकावर बसली ती उठेचना.

या जागेची गोष्ट अशी की स्लोन नावाच्या जोडप्याची ही जमीन. 1938 च्या मोठ्या चक्रीवादळात इथली बरीच झाडं आडवी झाली आणि डोंगर दिसायला लागला. त्यांच्या मुलाला, सँडरसनला, ही जागा इतकी आवडली की युद्धावरून परत आल्यावर इथंच घर बांधायचं त्याचं ठरलेलं, पण 1944 मध्ये जर्मनीवर त्याचं बॉम्बर विमान पडलं. मग आईवडिलांनी 1945 साली घराच्या जागी ही उघडी उपासनेची जागा केली, कुठल्याही धर्माच्या माणसाला खुली. वेदीत राज्याराज्यांतून आलेले दगड बसवलेत. आता यावर कुणी मला 'बघा, वादळानं झाडं पाडली म्हणून तर देखावा मिळाला' असलं प्रवचन दिलं तर मला ते झेपत नाही, त्या आईला देखावा नको होता, पोरगा हवा होता.

वहिनी बायॉलॉजी शिकवते, त्यामुळे फुकटचा तास झालाच. दिवस लहान झाले की पानातलं हिरवं क्लोरोफिल मोडायला लागतं आणि पिवळा रंग जो उन्हाळाभर आतच असतो तो दिसायला लागतो, बर्चचं तसं. लाल मात्र मॅपल नव्यानं बनवतं, दिवसा ऊन आणि रात्री गारठा असला की जास्तच. जाता जाता झाड हा खर्च का करतं यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही म्हणे. मला गंमत वाटली, कारण आपल्याकडे लाल हा येणाऱ्या पानाचा रंग, पिंपळाची कोवळी पालवी, कुसुंबाची तर विचारूच नका, आणि ती येते ईस्टरच्या आसपास. इकडे लाल रंग जाणाऱ्या पानाचा.

मग तिनं एका मॅपलची खालची फांदी धरून दाखवली. पानाला नुसतं बोट लावलं तर देठासकट हातात आलं, कारण देठाच्या बुडाशी झाडानं स्वतःच तोडणीचा थर तयार केलेला असतो. आणि जिथून पान निघालं त्या वणाच्या अगदी वर एक तपकिरी टोकदार कळी, समोरासमोर दोन्ही बाजूंना तश्याच. पुढच्या वसंताची. ती म्हणाली ही उन्हाळ्यातच तयार झालीय, पान हिरवं होतं तेव्हाच.

मी तिथंच अडकलो. लहानपणी नगरला संडे स्कूलमध्ये बायबलमधलं पहिलं स्तोत्र पाठ, नीतिमान माणूस म्हणजे ओढ्याकाठचं झाड, ज्याचं पान कोमेजत नाही. आणि बायबलमधल्याच यशयाच्या पुस्तकात आपण सगळे वाळलेल्या पानासारखे, आपलं पाप वाऱ्यासारखं आपल्याला उडवून नेतं. म्हणजे पान गळलं की काहीतरी बिघडलं हेच डोक्यात, आई गेली तेव्हाही तेच. इथं तर कळी आधी, पानगळ नंतर. मी म्हटलं पुनरुत्थानाची आशा अशीच असेल ना, दुःख संपल्यावर येणारी नाही, दुःखाच्या आधीच फांदीवर बसलेली. आत्याला पटलं नाही. "वचनात कोमेजत नाही म्हटलंय ना, मग नाही कोमेजत," म्हणाली आणि पाइनकडे बोट दाखवलं. त्यावर वहिनी म्हणे, आत्या, पाइनच्याही जुन्या सुया गळतात दर शरदात, तुम्ही बसलाय तो गालिचा कसला मग? आत्या खाली बघून हसली, पण हार मानली नाही.

परतताना दादानं आठवण दिली, आपल्या नगरच्या चर्चचं मूळही याच मुलखातलं. मिशनरी गॉर्डन हॉल शेजारच्या मॅसॅच्युसेट्सचा, 1812 मध्ये सेलमला दीक्षा घेऊन निघाला, 1813 ला मुंबईत उतरला आणि 1826 मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात कॉलऱ्यानं गेला. नगरला मिशनचं काम सुरू झालं 1831 मध्ये, त्यातलं त्याला काहीच बघायला मिळालं नाही. आत्या लगेच, "बघ, हा तुझा कळीवाला माणूस."

कुणाला जायचं असेल तर सकाळीच जा, मोनॅडनॉकवर समोरून ऊन पडतं. 1967 चा घंटामनोरा चुकवू नका, युद्धात सेवा केलेल्या बायकांसाठी बांधलाय, त्यावरची ब्राँझची शिल्पं नॉर्मन रॉकवेलनं आखलेली. आणि जाकीट घ्या, ऊन फसवं असतं. हिवाळ्यात बंद असतं.