खिडकी त्यांची, उजेड कोणाचा?

आमची इमारत विलेपार्ले आणि सांताक्रूझ यांच्या वेशीवर, पूर्वेच्या बाजूला, अगदी विमानांच्या वाटेखाली उभी आहे. पश्चिमेकडे उड्डाण करणारे विमान द्रुतगती मार्ग ओलांडते न ओलांडते तोच आमच्या गच्चीवरून जाते, त्या वेळी कपाटातल्या स्टीलच्या वाट्या थरथरतात आणि फोनवर बोलणारा माणूस मध्येच थांबून, विमान गेले की सोडलेल्या शब्दापासून पुन्हा सुरू करतो. फनेल झोनमधील, म्हणजे विमानांच्या चढ-उताराच्या वाटेखालच्या पट्ट्यातील, उंचीच्या बंधनामुळे इमारतीचा पुनर्विकासही वर्षानुवर्षे रखडला आहे. थोडक्यात, विमानाने आमचे जे काही घ्यायचे ते घेतले आहे. त्याच्या बदल्यात उड्डाण करताना उजवीकडच्या खिडकीतून आपली गच्ची सहा-सात सेकंद पाहायला मिळावी, एवढीच माझी अपेक्षा असते. गुडघ्यांमुळे मला हल्ली ये-जा करायच्या वाटेलगतची, कडेची जागा घ्यावी लागते, त्यामुळे ही अपेक्षा पूर्ण होणे सर्वस्वी खिडकीशी बसलेल्या माणसावर अवलंबून असते.

आणि तो माणूस, बसल्याबरोबर, झडप खाली ओढतो.

लोकलमध्ये असे कधी होत नाही. तिथे खिडकी मिळवणारी बाई ती वाऱ्यासाठी मिळवते, आणि पावसात शटर खाली करायची वेळ आली तरी अर्धे करू की पूर्ण, याचा निर्णय समोरच्या बाकासकट सगळ्यांच्या संमतीने होतो. चौथ्या सीटवर कशीबशी टेकलेलीलाही त्यात मत असते. विमानात मात्र खिडकीची जागा जादा पैसे भरून घेतलेली असते, आणि पैसे भरले की त्या झडपेवर आपली मालकी आहे असे माणसाला वाटू लागते. पूर्ण रांगेचा उजेड एका तर्जनीने बंद करता येतो, हा अधिकार लहान नाही.

उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी झडपा उघड्या ठेवायला लावून तो अधिकार केबिन क्रू काढून घेतात, हे फार बरे आहे. त्यामागचे कारण सौंदर्यदृष्टीचे नाही. काही विपरीत घडले तर आग कोणत्या बाजूला लागली आहे आणि कोणत्या दाराने माणसे बाहेर काढायची, हे कर्मचाऱ्यांना क्षणात बाहेर पाहून ठरवता यावे लागते. रात्री दिवे मंद करतात तेही डोळे आधीच अंधाराला सरावलेले असावेत म्हणून. नियमाला एकदा उलटा अपवादही झाला. मे २०२५ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने लष्करी विमानतळांवर, विशेषतः पश्चिम सीमेजवळच्या ठिकाणी, १०,००० फुटांपर्यंत झडपा बंद ठेवण्याचा आदेश दिला, पण आपत्कालीन दारांजवळच्या रांगा त्यातून वगळल्या. सुरक्षेसाठी बंद करायला लावतानाही सुरक्षेसाठीच चार खिडक्या उघड्या ठेवल्या, हे मला आवडले.

खरा वाद असतो तो मधल्या लांब प्रवासाचा. लेकीकडे लंडनला जाताना माझे विमान सकाळी मुंबईहून सुटले होते आणि त्याच दिवशी, तिथल्या घड्याळाप्रमाणे दुपारी, पोहोचणार होते. म्हणजे पूर्ण प्रवासभर सूर्य आमच्याबरोबरच चाललेला. तरीही जेवणाच्या थाळ्या उचलल्यावर विमानात भर दिवसा रात्र करण्यात आली. ते बोइंग ७८७ होते, ज्याला झडपच नसते. खिडकीखालचे बटण दाबले की काच हळूहळू गडद निळी होत जाते, आणि कर्मचारी सगळ्या खिडक्या एकदम गडद करून ठेवू शकतात. त्या निळ्या काचेतून सूर्य एखाद्या आजारी चंद्रासारखा दिसत होता. माझ्या मागे एक आई दोन वर्षांच्या मुलाला तासाभराच्या प्रयत्नानंतर नुकतीच झोपवू शकली होती, आणि तिच्यासाठी तो अंधार म्हणजे वरदान होते, हे मी मान्य करते. झोप हा खिडकीहून मोठा हक्क आहे, यावर मी वाद घालणार नाही. उन्हाळ्यात विमान उतरून उभे राहिल्यावर केबिन तापू नये म्हणून झडपा खाली ओढायला सांगतात, तेही मला पटते. पण दोन तासांच्या दिल्ली-मुंबई प्रवासात, लख्ख दुपारी, हातात चालू फोन असताना झडप बंद करणाऱ्याचे कारण मला आजवर कळलेले नाही. फोनच्या पडद्यावर उजेड पडतो, असे एकाने सांगितले होते. त्या पडद्यावर तो डोंगरातून जाणाऱ्या गाडीचा व्हिडिओ पाहत होता.

खिडकीत काय असते, हे कडेवरून पाहणाऱ्यालाच नीट कळत असावे. काचेला तीन थर असतात, मधल्या थराला तळाशी एक बारीक भोक असते, आणि बाहेर उणे ५० अंशांच्या आसपास थंडी असताना त्या भोकाभोवती बर्फाची नक्षी फुलते. मुंबईकर माणसाला आयुष्यात सहज, फुकट बघायला मिळणारा बर्फ तेवढाच.

गेल्या पावसाळ्यात कोलकात्याहून परत येताना खिडकीशी एक मुलगा कपाळ झडपेला टेकवून झोपला होता. विमान उतरू लागले, सूचना झाली, तरी तो हलेना. शेवटी विमानसेविकेने त्याला उठवले. त्याने झडप वर सरकवली आणि एकदम ठाण्याची खाडी आत आली, मागोमाग घाटकोपरच्या टेकडीवरची घरे, त्यांच्यावर पसरलेली निळी ताडपत्री, आणि दूरवर भरलेला पवई तलाव. माझी मान बगळ्यासारखी लांब झालेली त्याने पाहिली असावी.

“काकू, तुम्हाला बघायचंय का?” असे म्हणून त्याने पाठ सीटला चिकटवली आणि पोट आत घेतले.

मधल्या सीटवरचे गृहस्थही, कोणी सांगितले नसताना, मागे रेलले. धावपट्टी लागेपर्यंत आम्ही तिघे तसेच बसून होतो.