पास झाले, तरी तोच पीस पुन्हा का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. आणि तुमच्या आधी ऑफिसातल्या सहकाऱ्यांनी, सोसायटीतल्या काकूंनी आणि दर लग्नकार्यात गाठणाऱ्या एका आतेभावाने विचारलं, म्हणूनही. "ओबोची आठवी ग्रेड पास झालात ना? मग तीच परीक्षा, तोच पीस (म्हणजे वाजवायची रचना), पुन्हा वर्षभर कशाला?" ओबो म्हणजे सनईच्या नात्यातलं, फुंकून वाजवायचं पाश्चात्त्य वाद्य, एवढंच सांगते; या वयात मला परीक्षा देण्याची हौस का, हे आपलं बोलून झालेलं आहे, ते पुन्हा उगाळत नाही.

स्वर बसवायला वर्ष लागत नाही, हे आधीच मान्य करते. वर्ष जातं ते श्वासात, आणि नेमका इथेच ऐकणाऱ्याचा समज होतो की बाईंचा दम कमी पडत असणार. ओबोच्या रीडच्या, म्हणजे तोंडात धरून फुंकायच्या पत्तीच्या, दोन पात्यांमधली फट इतकी बारीक असते की छातीत भरलेल्या हवेपैकी थोडीच हवा वाद्यात जाते. उरलेली आत शिळी होत राहते, तिच्यातला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो आणि फुप्फुसं भरलेली असतानाच जीव गुदमरतो. त्यामुळे बासरीवाला जिथे नुसता श्वास घेतो, तिथे आम्हाला आधी सोडावा लागतो आणि मग घ्यावा लागतो. तेवढा वेळ नसेल तर एका जागी सोडायचा आणि पुढच्या जागी घ्यायचा. शिवाय ओठ दातांवर वळवून रीडभोवती आवळलेले असतात, आणि त्या स्नायूंना उसंत मिळते ती फक्त विरामांत.

माझ्या पीसमध्ये जर्मन संगीतकार शुमानने विराम जवळजवळ ठेवलेच नाहीत. ओबो आणि पियानोसाठी त्याने 1849 मध्ये लिहिलेल्या तीन रोमान्सपैकी, म्हणजे छोट्या रचनांपैकी (ओपस 94), पहिला, ए मायनर स्वरश्रेणीतला, मी निवडला होता. कानाला तो अगदी निवांत वाटतो, म्हणून "यात अवघड काय आहे?" हा प्रश्न ठरलेला. हे रोमान्स व्हायोलिनवरही वाजवतात. व्हायोलिनवाल्याचं त्यात काही अडत नाही.

गेल्या परीक्षेला मे महिना होता. खोलीत पंखा गरगरत होता, आणि पुण्यातल्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत पंख्याखाली रीड किती लवकर सुकते, हे मला ठाऊक होतं. म्हणून औषधाच्या रिकाम्या डबीत पाणी घेऊन गेले होते आणि रोमान्सच्या आधीचा पीस संपताच रीड त्यात बुडवली. रोमान्सचं पहिलं पान नीट गेलं. दुसऱ्या पानावर पेन्सिलीने दोन खुणा होत्या: पहिल्या खुणेला श्वास सोडायचा, दुसरीला घ्यायचा. पहिल्या खुणेला मी घेतला. का, ते आजही सांगता येत नाही. साथीच्या बाईंनी पियानोवर जरा जागा दिली आणि छाती आपोआप फुगली, एवढंच आठवतं. भरलेल्यावर आणखी भरल्यावर जे होतं तेच झालं: कान बंद झाले, ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून फुस्स करून हवा सुटू लागली, स्वर आधी खाली घसरला आणि मग नाहीसाच झाला. बोटं मात्र चालत राहिली. मुका ओबो तोंडात धरून, पियानो एकटा पुढे चाललेला ऐकत मी उभी होते. मग हवा सोडली, घेतली आणि पुढच्या वाक्याला जाऊन मिळाले. परीक्षकांनी मान वर केली नाही. ते लिहीत होते.

त्या पीसला 30 पैकी 17 मिळाले. पास व्हायला 20 लागतात. पण आमच्या बोर्डात निकाल एकूण बेरजेवर ठरतो, 150 पैकी 100 ला पास, आणि स्केल्सनी (स्वरांच्या चढ-उतारांनी) व साइट-रीडिंगने (आधी न पाहिलेलं संगीत वाचून लगेच वाजवण्याने) मला ओढून नेलं. प्रमाणपत्रावर त्या मुक्या ओळी दिसत नाहीत, म्हणून तुम्हाला प्रश्न पडतो. मेरिटचे 120 मला नको आहेत असंही नाही. आतेभावाला ते कबूल करत नाही, इथे करते.

तेव्हाची मी म्हणायची, दम वाढव. आणि रोज पहाटे तळजाईच्या टेकडीवर पळायला जायची. त्या बाईशी माझा वाद अजून चालू आहे. मी तिला सांगते की अडचण हवा उरण्याची आहे, संपण्याची नाही, पळून काय होणार? ती म्हणते, पळत होते तेव्हा निदान हात थरथरत नव्हते. तेही खोटं नाही. माझे शिक्षक सांगतात, दुसऱ्या पानावर एक सूर सरळ गाळ आणि तिथे पूर्ण श्वास सोड. अनेक वादक असं करतात. साथीच्या बाईंना ते वाक्य तोडल्यासारखं वाटतं, आणि मला दोघांचंही पटतं. सध्या एक दिवस सूर गाळून आणि एक दिवस न गाळता वाजवते. फॉर्म भरायच्या आत यातलं एक ठरवावं लागेल.