एक किलोऐवजी १.२ किलो: छोट्या लॅपटॉपचा मसुदा कुठवर आला

स्वतः बनवायच्या छोट्या लॅपटॉपचा मसुदा आम्ही काही जण मिळून ठरवतो आहोत. त्याच्या मागच्या आवृत्तीत पहिल्याच ओळीत ‘वजन एक किलोच्या आत’ असं होतं. आता तिथे १.२ किलो आलं आहे. प्रोसेसरवरचा वाद अजून मिटलेला नाही, पण या बदलाशी त्याचा काही संबंध नाही. आकडा वाढला तो बॉडीच्या पत्र्यामुळे.

आकारापासून सुरुवात करू, कारण तो कीबोर्डने ठरवला. पूर्ण मापाच्या कीबोर्डमध्ये दोन बटणांच्या मध्यांतलं अंतर १९ मिमी असतं आणि एका ओळीची रुंदी १५ बटणांएवढी भरते. म्हणजे २८५ मिमी. यापेक्षा अरुंद बॉडी केली की उजव्या कडेची बटणं बारीक करावी लागतात. बऱ्याच ११.६ इंची मशिनमध्ये हेच होतं, आणि इंग्रजीत ते फारसं जाणवत नाही, कारण तिकडे विरामचिन्हं आणि कंस असतात. इनस्क्रिप्टमध्ये (मराठी टायपिंगच्या प्रमाणित मांडणीत) मात्र त्याच कडेला च, ट, ड आणि ॉ आहेत. अशा मशिनवर ‘डॉक्टर’ टाइप करून बघा, तीन वेळा बोट बारीक बटणावर जातं. ११ इंचाची मागणी यासाठीच काढून टाकली. अंतिम माप ए-४ कागदाचं, २९७ बाय २१० मिमी. त्यात १३.३ इंची, १६:१० पडदा बसतो: त्याची रुंदी सुमारे २८६ मिमी, म्हणजे दोन्ही बाजूंना पाच-पाच मिमी कडा उरते.

आता वजन. ५० वॅट-अवर बॅटरी २३० ग्रॅम, पडदा २००, कीबोर्ड ११०, मेनबोर्ड हीटपाइप (उष्णता वाहून नेणारी नळी) आणि पंख्यासह १६०, दोन बिजागऱ्या ४५, टचपॅड ३५, आणि एसएसडी, वायफाय कार्ड, केबल, स्पीकर, स्क्रू मिळून ५०. बेरीज ८३०. एक किलोत राहायचं तर बॉडीला उरतात १७० ग्रॅम. ए-४ मापाच्या १ मिमी ॲल्युमिनियम पत्र्याचा एकच तुकडा १६८ ग्रॅम भरतो! ०.८ मिमी घेतला तर १३५. झाकण आणि तळ मिळून २७०, कीबोर्डभोवतीची चौकट ८०, पडद्याची प्लास्टिक पट्टी १५. एकूण ११९५ ग्रॅम.

मॅग्नेशियम मिश्रधातूची घनता १.८, ॲल्युमिनियमची २.७. कंपन्यांना एक किलोचा आकडा गाठता येतो त्यामागे मुख्यतः हा फरक आहे. पण मॅग्नेशियमचा बारीक कीस पेट घेतो आणि पेटला तर पाण्याने विझत नाही, उलट भडकतो. साध्या वर्कशॉपमध्ये ते काम कुणाला करायला सांगायचं नाही, हे एकमताने ठरलं. दुसरा मार्ग बॅटरी ३८ वॅट-अवर करण्याचा. त्यात फक्त ५५ ग्रॅम वाचतात. सरासरी वापर ५ वॅट धरला तर त्या बदल्यात जवळजवळ अडीच तास जातात. हा सौदा आम्हाला मान्य नाही.

पत्र्याचं काम उद्यमनगरातल्या कारखान्यांत होण्यासारखं आहे, लेझर कटिंग आणि बेंडिंग दोन्ही. ऑर्डर देताना ॲल्युमिनियमचा ग्रेड सांगायला विसरू नका. ५०५२ घ्यायचं. ६०६१-टी६ कडक असतं, पण कमी त्रिज्येत वाकवलं की बेंडवर तडे जातात. पत्र्यात थेट एम-२ चे (२ मिमी स्क्रूचे) आटे पाडू नयेत. एम-२ चा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.४ मिमी, म्हणजे ०.८ मिमी पत्र्यात जेमतेम दोन आटे मिळतात आणि तीन-चारदा उघडबंद केलं की ते जातात. पत्र्यात दाबून बसवायचे क्लिंच नट वापरावेत, तेही झिंक प्लेटिंगचे. पितळी नट ॲल्युमिनियमला चिकटून राहिला की आपल्या पावसाळ्याच्या दमट हवेत त्याच्याभोवतीचा पत्रा पांढरा पडून खायला लागतो. आणि झाकण पूर्ण धातूचं असेल तर वायफायचा अँटेना त्यामागे चालणार नाही. वरच्या कडेला प्लास्टिकची खिडकी ठेवावीच लागते.

बिजागरीचं गणित सोपं आहे, तरी सगळ्यात जास्त मशिन तिथेच मोडतात. झाकण ३५० ग्रॅम, त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून १० सेंमी: ३.५ किलो-सेंमी टॉर्क (फिरवणारा जोर). दोन बिजागऱ्यांत वाटला तर प्रत्येकी १.७५, आणि झाकण डुलू नये म्हणून आम्ही २.५ धरला. याहून घट्ट घेण्याचा मोह टाळा. खालचा भाग ८४५ ग्रॅमचा. बॅटरी तळहाताखाली पुढे ठेवली तर तो ८ किलो-सेंमीपर्यंत धरून राहतो. प्रत्येकी ४ ची बिजागरी लावली की एका हाताने झाकण उघडताना तळच उचलला जातो, आणि रोजचा तो जोर बिजागरीच्या स्क्रूंवर येतो. प्लास्टिक बॉडीत स्क्रूचे खांब उपटतात ते याच जोराने. आमच्या मसुद्यात म्हणून बिजागरी पत्र्याला न लावता खाली १.५ मिमीची स्वतंत्र पट्टी आहे.

प्रोसेसर. एका गटाचं म्हणणं, इंटेल एन-१०० घ्या: चार कोअर, ६ वॅट, पंखा नको, आवाज नको, धूळ नको. दुसऱ्या गटाला १५ वॅट वर्गातला चिप पंख्यासह हवा आहे. बिनपंख्याची कल्पना आकर्षक आहे, पण एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे खोलीत ३७-३८ अंश असतात. हाताला लागणारा धातू ४५ अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही म्हटलं तर उरतात ७ अंश. वरच्या बाजूचं क्षेत्रफळ ०.०६ चौरस मीटर आणि नैसर्गिक हवेत प्रति चौरस मीटर प्रति अंश साधारण १० वॅट, या हिशोबाने बाहेर जाते जेमतेम ४ वॅट उष्णता. २५ अंशांच्या खोलीत हाच पत्रा १२ वॅट टाकतो. परदेशी परीक्षणांमधली बिनपंख्याची मशिन तिकडे छान चालतात ती यामुळे. त्यात एन-१०० ला मेमरीचा एकच चॅनल आणि अधिकृत मर्यादा १६ जीबी. आमचा कल पंख्याकडे आहे: १५ वॅटचा चिप, सतत चालण्याची मर्यादा १० वॅटवर बांधलेली, आणि तळाचे पाच स्क्रू काढले की ब्रशने साफ करता येईल असा पंखा. ऊसतोडीच्या हंगामात पाचट पेटवल्यावर उडणारी काजळी जाळीत बसते, त्यामुळे ही साफसफाई सोपी असायलाच हवी.

मेमरी १६ जीबीपेक्षा कमी नको, विशेषतः ती बोर्डवरच डकवलेली असेल तर. एसएसडीसाठी २२८० (२२ बाय ८० मिमी) स्लॉट. फार वेगवान जेन-४ (पीसीआयईच्या चौथ्या पिढीचा) ड्राइव्ह घेऊ नये; भरात असताना तो एकटाच ६-७ वॅट खातो.

पडद्यावर मात्र दोन तट आहेत. १९२० बाय १२०० म्हणजे इंचाला १७० पिक्सेल, २५६० बाय १६०० म्हणजे २२७. जुन्या १२.५ इंची, १३६६ बाय ७६८ पडद्यावर हा आकडा १२५ होता. तिथे बारा पॉइंटात ‘विद्यार्थ्यांना’ लिहिलं की रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. १७० वर ते सुटे दिसतात, पण स्केलिंग (अक्षरं मोठी करून दाखवणं) १५० टक्के ठेवावं लागतं आणि लिनक्सवर काही जुने प्रोग्रॅम त्यात पुसट होतात. २५६० वर सरळ २०० टक्के, जागा तेवढीच, अक्षर कोरल्यासारखं. अडचण केबलची. बोर्ड आणि पडदा जोडणाऱ्या ३० पिनच्या ईडीपी केबलमध्ये चित्राचा डेटा नेणाऱ्या दोन लेन, २.७ गिगाबिटच्या वेगाने त्यांतून प्रत्यक्ष ४.३२ गिगाबिट जातात. १९२० ला ३.७ पुरतात, २५६० ला ६.४ लागतात. म्हणून ४० पिनची चार लेनवाली केबल किंवा ५.४ च्या वेगाने चालणारा बोर्ड हवा. केबल जोडताना बॅटरी काढलेली असलीच पाहिजे. बॅकलाइटचा (पडद्यामागच्या दिव्यांचा) जास्त व्होल्टेज त्याच कनेक्टरवर येतो. केबल एक पिन सरकली तर पडदा जातो. जास्त पिक्सेलच्या पडद्याला तेवढ्याच उजेडासाठी जास्त वीजही लागते, हा दुसऱ्या तटाचा मुद्दा खरा आहे. तरी दिवसभर मराठी वाचणाऱ्याने २५६० घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

चार्जिंगवर वाद नाही. दोन्ही बाजूंना एकेक यूएसबी-सी, तेही वेगळ्या छोट्या बोर्डवर, म्हणजे सॉकेट सैल झाला तर मेनबोर्डला हात लावायला नको. ४५ वॅट पुरे, पण ९ व्होल्ट, ३ अँपिअरवर हळू का होईना चार्जिंग झालं पाहिजे. बरेच बोर्ड १५ व्होल्टच्या खाली काही घेतच नाहीत आणि वीज गेल्यावर साधी पॉवर बँक निरुपयोगी ठरते. बॅटरीला ८० टक्क्यांची मर्यादा लावता यायला हवी, कारण पूर्ण भरलेली बॅटरी उन्हाळ्यात सतत चार्जरवर राहिली की फुगू शकते. बोर्ड घेण्याआधी झोपेचा प्रकारही तपासा: लिनक्समधल्या मेम-स्लीप (mem_sleep) फाइलमध्ये ‘डीप’ (deep) दिसलं नाही तर खरी एस-३ झोप, म्हणजे मेमरी सोडून जवळजवळ सगळं बंद ठेवणारी झोप, नाही, आणि बॅगेत ठेवलेलं मशिन तापून बॅटरी उतरू शकते.

पुढचं काम: ३ मिमी एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुश्याच्या फळीचा) नमुना कापून त्यात प्रत्येक भागाच्या वजनाएवढे नट-बोल्ट त्या-त्या जागी बसवायचे आणि स्प्रिंगच्या काट्याने बिजागरीचा टॉर्क मोजायचा. ज्यांच्याकडे ४० पिनची केबल आणि २५६० चा सुटा पडदा आहे त्यांनी बॅकलाइटचा वापर पूर्ण आणि अर्ध्या उजेडावर वॅटमध्ये मोजून आकडे द्यावेत. पडद्याचा निर्णय त्यांवर होईल.