स्टॅनलीच्या कागदांत नाशिक शोधताना – अपडेट ३

मंडळी, मागच्या अपडेटला दोन महिने होऊन गेले. मधे भाच्याचं लग्न, मग लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली (बॅकअप होता, पण तीन आठवड्यांपूर्वीचा, त्यामुळे तेवढं काम परत करावं लागलं, दात-ओठ खात केलं), त्यामुळे आता एकदम सगळं लिहितोय, लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

नवीन आलेल्यांसाठी दोन ओळी. हेन्री मॉर्टन स्टॅनली म्हणजे तोच तो, "डॉक्टर लिव्हिंगस्टन, आय प्रिझ्यूम" वाला. (लिव्हिंगस्टन म्हणजे आफ्रिकेत फिरणारा स्कॉटिश मिशनरी-संशोधक; त्याचा ठावठिकाणा लागेना तेव्हा स्टॅनलीने त्याला शोधून काढलं, तेव्हाचं हे वाक्य.) स्टॅनली वेल्समधल्या डेन्बीला १८४१ साली जॉन रोलंड्स नावाने जन्मला, वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधार गरिबांना ठेवायच्या घरात, वाढला, अमेरिकेत जाऊन न्यूयॉर्क हेरल्डचा वार्ताहर झाला, आफ्रिका आडवी पार केली, बेल्जियमच्या लिओपोल्ड राजासाठी काँगोत ठाणी उभारून दिली, आणि शेवटी १८९५ ते १९०० लंडनच्या नॉर्थ लॅम्बेथचा खासदार. त्याचे खाजगी कागद, म्हणजे डायऱ्या, खिशातल्या वह्या, पत्रं, नकाशे, फोटो असे सात हजारांच्या वर नग, आता ब्रुसेल्सजवळ टर्व्हुरनच्या आफ्रिका म्युझियममध्ये आहेत. मी तिथे गेलेलो नाही, व्हिसा आणि विमानाच्या तिकिटाचा हिशोब केला तेव्हाच तो नाद सोडला. माझं काम घरबसल्या: कागदांची इन्व्हेंटरी (नगवार यादी) पीडीएफमध्ये मिळते ती, स्टॅनलीची छापील पुस्तकं, आणि इतरांच्या स्कॅन केलेल्या डायऱ्या. प्रश्न एकच धरलाय की आमच्या नाशिकच्या शरणपूरहून गेलेली माणसं या पसाऱ्यात कुठे दिसतात.

शरणपूर रोड म्हटलं की आम्हा नाशिककरांना दुकानं आणि ट्रॅफिक आठवतं. पण १८५० च्या दशकात तिथे मिशनची वसाहत होती आणि तिच्यात आफ्रिकन असायलम, म्हणजे सुटका झालेल्या आफ्रिकन गुलामांचं आश्रयस्थान. ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचं, सुटलेली पोरं मुंबईत उतरवायची, त्यातली काही इथे यायची. सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी लिहिणं-वाचणं शिकायची. इंग्रज त्यांना "नॅसिक बॉइज" म्हणायचे. बॉइज कसले, बरेच बाप्ये झालेले होते, पण ते असो.

पहिला धडा: स्पेलिंग. पीडीएफमध्ये आजच्या स्पेलिंगने नाशिक टाकलं तर हाती भोपळा. दोन एस आणि सी-के लावून बघा, मग एक एस काढून, मग सी काढून. माणसांच्या नावांचंही तेच, एकाच माणसाचं नाव तीन पानांवर तीन तऱ्हेने. मी आता एक्सेलमध्ये वेगळी शीटच केलीय, सगळ्या तऱ्हा एका ओळीत.

दुसरा धडा जास्त महत्त्वाचा आणि तो मला उशिरा कळला. सुरुवातीला माझ्या शीटमध्ये चारच कॉलम होते: कोण, कुठे, कधी, कुठल्या कागदात. आता पाचवा वाढवलाय, "कितव्यांदा लिहिलेलं". कारण स्टॅनली एकच प्रसंग चार वेळा लिहितो. आधी खिशातल्या वहीत घाईघाईने, मग मोठ्या डायरीत नीट, मग पेपरला पाठवायच्या बातमीपत्रात फोडणी देऊन, मग पुस्तकात त्याच्यावर कोथिंबीर-खोबरं घालून. म्हणजे "स्टॅनली म्हणतो" असं लिहून भागतच नाही, कुठला स्टॅनली ते सांगावं लागतं. ही फोडणी त्याच्या अंगाशीही आलीय. १८७५ मध्ये व्हिक्टोरिया सरोवरातल्या बुंबिरे बेटावर त्याने लोकांवर गोळ्या चालवल्या, आणि ते इतक्या फुशारकीने पेपरला कळवलं की इंग्लंडमध्ये संतापाची लाट उठली. त्याचे कैवारी म्हणतात की त्याने मर्दुमकी दाखवायला आकडे फुगवले. असेल. पण माणसं मारून वर आकडा फुगवावासा वाटतो ही काय बचावाची गोष्ट झाली का?

आता ते फाटलेलं पान. टांगानिका सरोवराकाठच्या उजीजीला लिव्हिंगस्टन भेटला त्या दिवसाची नोंद डायरीत बघायला जावं तर पानं फाडलेली आहेत. हो, नेमकी तीच! चरित्रकार टिम जीलने २००७ मध्ये हे ठळकपणे मांडलं, आणि त्याचा तर्क असा की ते जगप्रसिद्ध वाक्य स्टॅनलीने त्या क्षणी म्हटलंच नसावं, नंतर सुचलं असावं. लिव्हिंगस्टनच्या लिखाणात ते वाक्य नाही. तारखेचाही घोळ आहे, स्टॅनलीच्या पुस्तकात १० नोव्हेंबर १८७१, आणि लिव्हिंगस्टनच्या हिशोबाने ऑक्टोबरचा शेवट, कारण दोघंही आजारपणात दिवसांची मोजणी चुकलेले. मी दोन संध्याकाळ बसून दोघांच्या तारखा शेजारी शेजारी लावून बघितल्या, जमलं नाही, सोडून दिलं. पण मला पडलेला प्रश्न वेगळाच आहे. हा माणूस एक कागद टाकत नव्हता, जुनी पत्रं, मसुदे, सगळं जपायचा, आपलं नाव काय ठेवायचं याचे प्रयोगसुद्धा (मॉर्टन ठरायच्या आधी मोर्ली, मोरलेक, मोरलँड असं काय काय करून झालंय). असा माणूस जेव्हा पान फाडतो, म्हणजे तो त्याच्याच घरातला सेन्सॉर झाला की. फाडलं त्यानेच की आणखी कुणी, हा मुद्दा राहतोच म्हणा, कागद पुढे पुष्कळ हातांतून गेलेत.

मुंबईचा धागा. हा मला अनपेक्षित मिळाला म्हणून आनंद जास्त. हेरल्डच्या मालकाने ऑक्टोबर १८६९ मध्ये पॅरिसला बोलावून काम दिलं, पण थेट आफ्रिकेला नाही पाठवलं, आधी सुएझ कालव्याचं उद्घाटन, मग जेरुसलेम, क्रिमिया, इराण असा वळसा. त्या वळशाच्या टोकाला मुंबई. १२ ऑक्टोबर १८७० ला तो मुंबईहून "पॉली" नावाच्या शिडाच्या जहाजावर चढला, ३७ दिवसांनी मॉरिशस, तिथून सेशेल्स, आणि ६ जानेवारी १८७१ ला झांझिबार. तिथे तर अर्धा बाजार आपल्याकडचाच. कच्छी व्यापारी तारिया तोपणचं नाव त्याच्या पुस्तकात येतं. आणि मालाच्या याद्या वाचाव्यात, मला त्या वर्णनांपेक्षा जास्त आवडतात! आत खोलवर नाणं चालायचं नाही, कापड आणि मणी चालायचे. "मेरिकानी" म्हणजे अमेरिकन मांजरपाट, "कानिकी" म्हणजे निळीत रंगवलेलं हिंदुस्थानी कापड. माप "शुक्का" दोन वाराचं आणि "डोटी" चार वाराची. डोटी वाचलं आणि धोतर आठवलं नाही असा मराठी माणूस मला दाखवा. वजन फ्रासिलात, एक फ्रासिला साधारण ३५ पौंड. बायको मागून वाचत होती, म्हणाली हे तर आमच्या आजोबांच्या दुकानाची खतावणी वाटते.

त्याच्या १८७१ च्या काफिल्यातल्या शिपायांचा नाईक होता सिदी मुबारक बॉम्बे. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हिंदुस्थानात वाढला, त्यावरून हे आडनाव चिकटलं. बर्टन आणि स्पीक या इंग्रज संशोधकांबरोबर आफ्रिकेत आधीच फिरून आलेला, म्हणजे रस्त्याचा अनुभव मालकापेक्षा नोकराला जास्त. स्टॅनली त्याला पुस्तकभर आळशी म्हणतो, मारतोही. बॉम्बेने स्वतः काही लिहिलेलं नाही, त्यामुळे शीटमधल्या त्याच्या सगळ्या ओळी दुसऱ्यांच्या अक्षरातल्या.

आता नाशिक. मार्च १८७२ मध्ये स्टॅनलीने ताबोऱ्याला (आजच्या टांझानियात) लिव्हिंगस्टनचा निरोप घेतला, किनाऱ्याला परतला आणि झांझिबारहून ५७ माणसांची तुकडी म्हाताऱ्याच्या मदतीला पाठवली. त्यात सहा जण नाशिकचे. जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फॅरार, आणि रिचर्ड व बेंजामिन रटन. म्हणजे स्टॅनलीच्या कारभारात नाशिकची एंट्री इथे होते, आणि ती कशी होते तर पाठवलेल्या मालाबरोबर, एका तुकडीचा भाग म्हणून. लिव्हिंगस्टनबरोबर १८६६ मध्ये मुंबईहून निघालेले नाशिकचे जण वेगळे, त्यांची गल्लत करू नका, मी मागच्या अपडेटमध्ये केली होती आणि दोघांनी कान धरला, बरोबरच होतं.

जेकबबद्दल जरा थांबून लिहितो. मे १८७३ च्या सुमारास चितांबोच्या गावात (आजच्या झांबियात) लिव्हिंगस्टन वारला. चुमा, सूसी हे त्याचे जुने नोकर आणि बाकीच्यांनी ठरवलं की प्रेत किनाऱ्यापर्यंत न्यायचं. हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, त्या वेळी प्रार्थना वाचली जेकबने, कारण वाचता येणारा तो. झाडावर नाव-तारीख कोरली त्यानेच, ते खोडाचं लाकूड आज लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीकडे आहे. आणि मृताच्या पेट्या उघडून काय काय आहे त्याची यादी जेकबने केली, लिव्हिंगस्टनच्याच वहीत. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून घरात एक फेरी मारली. मी गेले चार महिने एका एक्सप्लोररच्या कागदांच्या इन्व्हेंटरीत डोकं घालून बसलोय, आणि त्याच्या गुरूच्या सामानाची पहिली इन्व्हेंटरी शरणपूरला शिकलेल्या पोराने केली होती.

जेकब प्रेताबरोबर साउदॅम्प्टनला उतरला आणि १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीच्या मानकऱ्यांमध्ये होता. स्टॅनलीही त्याच रांगेत. दोन माणसं, एकच पेटी, आणि त्यानंतरचा फरक बघा. एकाच्या कागदांचे सात हजार नग. दुसऱ्याची एक डायरी, तीही कित्येक वर्षं जर्मन भाषांतरातच माहीत होती, मूळ इंग्रजी हस्तलिखित स्कॉटलंडच्या ब्लँटायरला लिव्हिंगस्टनच्या जन्मस्थळाच्या म्युझियममध्ये, ते २०१९ मध्ये ऑनलाइन आलं. ती वाचायला घेतलीय. अक्षर सुंदर आहे, स्टॅनलीपेक्षा शंभरपट वाचनीय. जेकब १८९२ ला आफ्रिकेत वारला. मॅथ्यू वेलिंग्टन मात्र मोंबासात १९३५ पर्यंत जगला, त्याचे फोटोसुद्धा आहेत.

खासदारकीचा भाग मी टाळत होतो, कंटाळवाणा असेल म्हणून, पण मजा आली. राजकारणाची हौस मुळात बायकोची, डोरोथी टेनंटची. १८९० मध्ये लग्न, नवरा परत आफ्रिकेत जाऊ नये म्हणून तिने त्याला निवडणुकीला उभं केलं असा सरळ हिशोब दिसतो. १८९२ ला थोडक्यात पडला. घरोघर जाऊन मतं मागायला साहेबांचा ठाम नकार, मग प्रचाराला ती फिरली. १८९५ ला निवडून आला आणि लगेच वैतागला. रात्र रात्र बसून राहायचं, बोलायची पाळी येईल तेव्हा येईल, वेळ फुकट. सात हजार मैल तुडवलेल्या माणसाला बाकावर बसवलं की हेच होणार. १८९७ मध्ये बुलावायोच्या (आजच्या झिंबाब्वेतल्या) रेल्वेच्या उद्घाटनाला पळाला, ते पाच वर्षांतलं त्याचं आवडतं काम असावं असं माझं मत. १९०० ला परत उभा राहिला नाही, १९०४ ला गेला. ॲबीत जागा मिळाली नाही, पिरब्राइट गावात थडगं, त्यावर "बुला मातारी", म्हणजे खडक फोडणारा.

डोरोथीच्या डायऱ्याही त्याच संग्रहात आहेत आणि त्या तिने वारलेल्या वडिलांना उद्देशून लिहिल्यात. नवऱ्याचं आत्मचरित्र १९०९ मध्ये तिनेच संपादन करून काढलं. म्हणजे माझ्या "कितव्यांदा" कॉलममध्ये आता चारच्या पुढे पाचवा आकडा, डोरोथीचा. नंतर कागद दत्तक मुलाकडे, मग नातवाकडे, आणि पुढे बेल्जियमला. आणि लिओपोल्डने १९०८ मध्ये काँगो सोडताना स्वतःच्या काँगो सरकारचे कागद जाळून टाकले होते. राजाचे जळले, नोकराचे उरले, तेही राजाच्याच म्युझियममध्ये. करवतीने कापलं तरी इतकं नेमकं बसलं नसतं.

पुढचं काम: जेकबची डायरी मराठीत उतरवतोय, रोज रात्री अर्धं पान, सध्या अकराव्या पानावर आहे. एके ठिकाणी कापडाचं नाव अडलंय. मी कानिकी वाचतोय, पण शेवटचं अक्षर पुसट आहे. त्या पानाचा स्क्रीनशॉट उद्या टाकतो, ज्यांची नजर तयार आहे त्यांनी बघा. आणि कुणाला एकोणिसाव्या शतकातलं जर्मन छापील वाचता येत असेल तर हात वर करा, ते भाषांतर मूळाशी ताडून बघायचंय.