गुडघ्याची गादी आणि तपासणारे बोट

कबड्डीत चढाईपटूचे पाऊल मॅटवर रोवलेले असताना बचावपटूंनी त्याला खेचले आणि शरीर वळले, की मांडीचे हाड व नडगी यांच्यामधली गादी, म्हणजे मेनिस्कस, चिरडून फाटू शकते. असा खेळाडू बहुधा एमआरआयचा रिपोर्ट घेऊनच येतो. रिपोर्ट बाजूला ठेवून मी आधी सूज कधी आली हे विचारतो, कारण गुडघा एक-दोन तासांत टम्म फुगला असेल तर सांध्यात रक्त साचल्याची, पर्यायाने लिगामेंट (हाडांना हाडांशी जोडणारा पट्टा) तुटल्याची शंका येते. नुसत्या गादीची सूज सहसा दुसऱ्या दिवशी जाणवते.

तपासणीची सुरुवात चांगल्या गुडघ्यापासून करावी. मग दुखरा गुडघा काटकोनात वाकवून, वाटीच्या खालच्या टोकाशेजारच्या खळग्यातून अंगठा, दोन हाडे मिळतात त्या सांध्याच्या रेषेवरून हळूहळू मागे सरकवत नेला, की एका नेमक्या जागी खेळाडू श्वास रोखतो आणि नकळत माझे मनगट धरतो. दुखणे त्या रेषेपुरतेच असेल तर गादीचा संशय बळावतो. रेषेच्या वर-खालीही दुखत असेल तर बाजूच्या लिगामेंटचा विचार करावा लागतो. नावाजलेल्या चाचण्यांपेक्षा माझा भरवसा या साध्या स्पर्शावर अधिक आहे.

लिव्हरपूलचे अस्थिशल्यचिकित्सक मॅकमरे यांच्या चाचणीत गुडघा पूर्ण दुमडून, टाच धरून पाऊल बाहेर वळवत पाय सरळ करतात. सांध्यावरच्या बोटांना कट्ट जाणवले आणि त्याच क्षणी दुखले, तर गुडघ्याच्या आतल्या बाजूची गादी फाटल्याची शक्यता वाढते. मात्र निरोगी गुडघेही वाजतात, आणि सुजलेला गुडघा पूर्ण दुमडतच नाही. 2005 मध्ये ग्रीसमधून आलेल्या थेसली चाचणीत एका पायावर, गुडघा 20 अंश वाकवून, अंग वळवायचे असते. तिच्याबद्दलचा सुरुवातीचा उत्साह पुढच्या अभ्यासांत टिकला नाही. हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चेत तर मज्जातंतूच नसतात, त्यामुळे तिची इजा हाताने ओळखणे कठीणच, आणि तिथे एमआरआय खरा उपयोगी पडतो.

शेवटी खेळाडूला पालथे झोपवून दोन्ही टाचा टेबलाबाहेर सोडाव्यात. दुखऱ्या पायाची टाच वर राहिली आणि गुडघा सरळ करताना स्प्रिंगसारखा अडला, तर फाटलेला तुकडा सांध्यात अडकल्याचे समजावे, वळवण्याच्या चाचण्या तिथेच थांबवाव्यात आणि त्याला लवकरात लवकर अस्थिशल्यचिकित्सकाकडे पाठवावे.