दोन पानं गप्प बसलेला माणूस

जर्मनच्या बी-वन, म्हणजे मधल्या पातळीच्या, परीक्षेसाठी मी जर्मन वाचनाचं एक ॲप घेतलं. अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की इंग्रजी अर्थ वर येतो आणि शब्द यादीत जमा होतो. वनाज ते रामवाडी मेट्रोत रोज पाच-सहा पानं व्हायची. स्वतःवर भलताच खूश होतो.

मग एक गुन्हेगारी कथा आली. 'झी ब्राख्टे ईन आन आयनेम झोनटाग उम.' बोट ठेवत गेलो : ती, आणलं, त्याला, रविवारी. शेवटचा 'उम' म्हणजे 'भोवती' की काय ते, सोडून दिला. तिनं रविवारी त्याला घरी आणलं, एवढं पुरे. पुढची दोन पानं हा गृहस्थ चकार शब्द बोलेना. तिसऱ्या पानावर पोलीस हजर. पाहुणा आणला म्हणून पोलीस?

'उमब्रिंगेन' म्हणजे ठार मारणं. अशी क्रियापदं वाक्यात दुभंगतात : धड दुसऱ्या जागी, शेपूट पार पूर्णविरामाला टेकलेलं. 'फेंग्ट' म्हणजे पकडतो, पण शेवटी 'आन' असेल तर सुरू होतो. 'ह्योर्ट' म्हणजे ऐकतो. 'आउफ' आलं की थांबतो. ॲपमध्ये बोट ओढून शब्दसमूहही निवडता येतो, पण सलग शब्दांचाच. मधला रविवार वगळायचा कसा?

क्लासच्या मॅडम हसल्या. "'त्याचा डोळा लागला' हे शब्दाशब्दानं बघा बरं, काय हाती लागतं!" घरी बाबांचा मोल्सवर्थ, म्हणजे मोल्सवर्थसाहेबाचा मराठी-इंग्रजी शब्दकोश आहे, १८५७च्या आवृत्तीचं पुण्याच्याच शुभदा सारस्वतनं केलेलं पुनर्मुद्रण. त्यात 'हात' काढला, तर त्या एका शब्दाखाली वाक्प्रचारांची ही रांग! मोल्सवर्थसाहेबाला जे कळलं होतं ते माझ्या फोनला नाही.

आता पूर्णविराम येईपर्यंत बोट खिशात. आधी शेपूट आहे का बघतो, ते क्रियापदाच्या पुढ्यात जोडतो, मूळ रूप करतो (ब्राख्टेचं ब्रिंगेन, हे पाठच हवं) आणि अख्खा शब्द डूडेनच्या कोशात टाकतो. यादीत ॲपचा अर्थ खोडून सगळं वाक्य लिहितो. पाच पानांची दोन झाली, होऊ देत.

ती गोष्ट परवा पुन्हा वाचली. खुनानंतर लगेच ती बाई कॉफी करते. मी ती दोघांसाठी धरली होती.