मात्सुएतली बाळंतीण

जपानला येणारे आपले बहुतेक ग्रुप टोकियो, फुजी, क्योटो, ओसाका करून परत जातात. मी ओसाकात राहून दुभाषी आणि गाइड अशी दोन्ही कामं करते, त्यामुळे तो रस्ता मला झोपेतही सांगता येईल. पुण्याच्या एका छोट्या ग्रुपला मात्र ओकायामाचं कोराकुएन बघायचं होतं, कारण सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान त्याच धर्तीवर केलेलं आहे. इथवर आलाच आहात तर ‘याकुमो’ एक्सप्रेसने अडीचेक तासांत मात्सुएला जाऊ, हे मीच त्यांच्या गळी उतरवलं.

मला त्यांना जपानी भुताखेतांच्या गोष्टी इंग्रजीत लिहिणाऱ्या लाफ्काडिओ हर्नचं घर दाखवायचं होतं. आई ग्रीक, वडील आयरिश, जन्म १८५०चा. अमेरिकेत पत्रकारी करून हा माणूस १८९०मध्ये जपानला आला आणि मात्सुएच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागला. सामुराई घराण्यातल्या सेत्सुशी लग्न केलं, १८९६मध्ये कोइझुमी याकुमो या नावाने जपानी नागरिक झाला. किल्ल्याच्या खंदकाकाठी त्याचं घर अजून आहे. एक डोळा सोळाव्या वर्षीच गेलेला, दुसराही अधू; म्हणून कागद डोळ्याजवळ यावा असं उंच टेबल त्याने करून घेतलं होतं. ग्रुपने त्या टेबलापाशी भरपूर फोटो काढले.

मला स्वतःला टेबलापेक्षा सेत्सुबाई जास्त आवडतात. हर्नला जपानी पुस्तकं धड वाचता येत नसत. भुताखेतांच्या गोष्टी सेत्सु सांगायची, तेही दिव्याची वात बारीक करून. पुस्तक समोर धरून वाचलेलं त्याला चालत नसे. तुझ्या शब्दांत सांग, हा हट्ट. पुढे त्यातल्या कितीतरी गोष्टी खुद्द जपान्यांनी त्याच्या इंग्रजीवरून परत आपल्या भाषेत आणून वाचल्या!

संध्याकाळी दाइओजी देवळात गेलो. तिथल्या दफनभूमीची गोष्ट हर्नने लिहून ठेवली आहे. पांढरीफटक पडलेली एक बाई रोज रात्री दुकानातून थोडं मिझुआमे, म्हणजे काकवीसारखा गोड पाक, विकत न्यायची. दुधाऐवजी तान्ह्या बाळांना तो देत. एका रात्री तिने दुकानदाराला खुणेनेच मागे बोलावलं. माणसं तिच्यामागून एका थडग्याशी पोचली, तर आतून रडण्याचा आवाज. उघडलं तेव्हा बाई मेलेली, शेजारी जिवंत बाळ, आणि पाकाची वाटी.

मी थांबले. मूळच्या मालवणच्या एक काकू म्हणाल्या, “अगं, आमच्याकडे ही अळवंत. बाळंतपणात गेलेली बाई. तिच्या नावानेच आम्ही पोरं थरथर कापायचो.” आणि आजोळच्या विहिरीवरची गोष्ट त्यांनी सुरू केली, अगदी आवाज उतरवून.

शेजारी एक आजोबा थडग्यावरची पानं झाडत होते. बाई काय सांगताहेत, असं त्यांनी मला विचारलं. मग मी वाक्यावाक्याला जपानीत सांगत गेले. आजोबांनी झाडू बाजूला ठेवला. गोष्ट संपल्यावर त्यांचा एकच प्रश्न: “तिला कोणी खायला देत नाही?”

“देतात ना,” काकू म्हणाल्या. “तिठ्यावर उतारा ठेवतात, दहीभाताचा. पण तो ती परत येऊ नये म्हणून.”

हे जपानीत सांगताना मला क्षणभर अवघडल्यासारखं झालं. आजोबा मात्र मान डोलावत म्हणाले, “घाबरलेली माणसं तरी काय करणार? आमचा दुकानदारही पहिल्या रात्री पळूनच गेला होता.” हर्नच्या गोष्टीत तसंच आहे; सांगायच्या ओघात मीच ते गाळलं होतं.

या सगळ्यात शिंजी सरोवरावरचा सूर्यास्त हुकला. सकाळपासून मी त्याचंच कौतुक करत होते, त्यामुळे एका काकांनी हॉटेलात मला चांगलंच ऐकवलं. जेवताना मात्र तेच मालवणच्या काकूंकडे वळून म्हणाले, “मुंज्याची आहे का हो एखादी?”